गोल्ड कप (एस्कॉट)

इंग्लंडमध्ये एस्कॉट येथे दर जूनमध्ये, रॉयल एस्कॉट या पाच दिवसांच्या शर्यत-मेळ्याच्या तिसऱ्या दिवशी होणारी लांब पल्ल्याची घोड्यांची शर्यत. वाटेत कुंपण नाही, चर नाही, नुसते धावायचे. घोडा थरोब्रेड, म्हणजे खास शर्यतीसाठी जोपासलेल्या वंशाचा असावा लागतो आणि 4 वर्षांच्या आतला चालत नाही. पल्ला 2 मैल 3 फर्लांग 210 यार्ड, म्हणजे 4 किलोमीटरला किंचित जास्त. पहिली शर्यत 1807 साली झाली.

वयाची ही अट मराठवाड्यात फार समजावून सांगावी लागत नाही. लोहा तालुक्यातल्या माळेगावला मार्गशीर्ष अमावास्येच्या सुमारास खंडोबाची यात्रा भरते. तिथल्या घोडेबाजारात जाणते गिऱ्हाईक भाव विचारण्याआधी घोड्याचा ओठ वर करून दात बघते. पुढचे पक्के दात साधारण पाचव्या वर्षी पुरे होतात. जगभर गवगवा असलेल्या डर्बीत मात्र 3 वर्षांची जनावरे धावतात. त्यांचे दुधाचे दातही सगळे पडलेले नसतात. डर्बी दीड मैलात आटोपते. गोल्ड कप हा पुरत्या वाढीच्या जनावराचा खेळ आहे. माळेगावात पुढची पायरी म्हणजे ‘चालवून दाखवा’. मग अंगावरचे केसांचे भोवरे, रंग आणि रवाल चाल पाहिली जाते. पाठीवर बसलेल्याच्या हातातला भरला पेला हिंदकळू नये, इतकी ती चाल मऊ असावी म्हणतात. एस्कॉटला चालीला मोल नाही, तिथे दम बघतात.

घोडे प्रेक्षकांसमोरून एकदा निघून जातात आणि मग मैदानाचा पूर्ण वेढा घालून परत येतात. स्विन्ली बॉटम हा मैदानाचा सर्वांत खोलगट भाग. तिथून शेवटपर्यंत चढ लागतो आणि अखेरची सरळ वाट आखूड आहे. पहिल्या मैलात लगाम सैल सोडणाऱ्या जॉकीचा घोडा नेमका या चढावर धापा टाकू लागतो.

1844 साली रशियाचा झार पहिला निकोलस शर्यतीला हजर होता. जिंकलेल्या घोड्याला तोवर नावच नव्हते. पाहुण्याच्या मानासाठी त्याचे नाव ‘द एम्परर’ ठेवले. झारने बक्षीस देऊ केले, म्हणून शर्यतही ‘एम्परर्स प्लेट’ झाली. पुढे रशियाशी क्रिमियाचे युद्ध पेटले आणि जुने नाव गुपचूप परत आले.

1866 ची शर्यत आजही सांगितली जाते. ग्लॅडिएटर हा फ्रेंच घोडा आदल्या वर्षी डर्बीसह इंग्लंडच्या तिन्ही मोठ्या शर्यती जिंकून आला होता, पण त्याचे पुढचे पाय दुखरे होते. उताराला जॉकीने त्याला जपून चालवले आणि समोरचे दोन घोडे इतके पुढे गेले की आता संपलेच असे वाटावे. मग त्याने लगाम सोडला. ग्लॅडिएटर 40 घोड्यांच्या लांबीइतक्या अंतराने जिंकला.

त्या काळी डर्बी जिंकलेला घोडा पुढच्या वर्षी इथे उतरे. हा रिवाज मोडला तो पैशाने. पैदाशीच्या बाजारात आखूड पल्ल्याच्या वेगवान घोड्याला दाम जास्त. लांब पल्ल्याचा शिक्का बसला की भाव उतरतो. डर्बी आणि गोल्ड कप दोन्ही जिंकणारा शेवटचा घोडा ओशन स्वेल (1944 आणि 1945).

कप विजेत्याला कायमचा मिळतो, दरवर्षी नवा घडवतात. 1907 चा कप मात्र विजेत्याच्या हाती पडण्याआधीच मैदानावरून चोरीला गेला. तो सापडला नाही. 2013 मध्ये एस्टिमेट या घोडीने राणी दुसऱ्या एलिझाबेथला कप मिळवून दिला. गादीवर असलेल्या राजा-राणीच्या घोड्याने तो जिंकण्याची ती पहिलीच वेळ होती.

सर्वाधिक वेळा जिंकणारा घोडा येट्स. 2006 ते 2009 सलग चार वर्षे, शेवटचा विजय आठव्या वर्षी. एस्कॉटला त्याचा पूर्णाकृती पुतळा आहे. पैदाशीला मात्र त्याला अडथळ्यांच्या शर्यतींचे घोडे निपजवण्यासाठीच ठेवले गेले.