संशोधन जहाजावर जाताना: बर्थच्या अर्जापासून बंदराच्या फाटकापर्यंतची कागदपत्रं

परदेशातल्या वैज्ञानिक मोहिमेत निवड झाली की पहिला प्रश्न असा: जहाजावर तुम्ही कागदोपत्री कोण? प्रवासी नाही, खलाशीही नाही. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या २००८ च्या संहितेत अशांसाठी ‘विशेष कर्मचारी’ असा वेगळा वर्ग आहे. बारापेक्षा जास्त प्रवासी घेणारं जहाज प्रवासी जहाज ठरतं आणि त्याला प्रवासी जहाजाचे कडक नियम लागतात. चाळीस शास्त्रज्ञ नेणाऱ्या जहाजाची त्यातून सुटका व्हावी म्हणून हा वर्ग केला. पंचाईत अशी की विमानतळावरच्या इमिग्रेशनच्या खिडकीला हा वर्ग ठाऊक नसतो. पुढची निम्मीअधिक धावपळ त्यामुळेच होते.

जागा कशी मिळते

जहाजाकडे थेट अर्ज करून सहसा काही होत नाही. बर्थ मोजके असतात आणि त्यांचं वाटप मोहिमेच्या मुख्य शास्त्रज्ञाच्या हाती असतं. आपली संस्था मंजूर प्रकल्पात असेल तर नाव तिथून जातं. नसेल तर विद्यार्थ्यांसाठी राखलेल्या जागांच्या किंवा जहाजावरच्या प्रशिक्षणाच्या जाहिरातींवर लक्ष ठेवावं लागतं. अर्जात शोधनिबंधांची लांबलचक यादी जोडण्यापेक्षा हातानं काय येतं ते लिहा: सीटीडीच्या (पाण्याची क्षारता, तापमान आणि खोली मोजणाऱ्या उपकरणाच्या) बाटल्यांतून पाण्याचे नमुने काढणं, ते गाळणं, गाळाचे कोअर (समुद्रतळातून नळीनं काढलेले उभे नमुने) कापून नोंदवणं. जहाजावर पाळ्या बारा-बारा तासांच्या असतात, आणि निवड करणारा माणूस रात्रीची पाळी कोण निभावेल हेच आधी बघतो.

आणखी एक वाट आहे. समुद्री कायद्याच्या १९८२ च्या करारानुसार, किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतच्या आर्थिक क्षेत्रात परक्या जहाजाला संशोधन करायचं असेल तर किनारी देशाची संमती लागते. मोहिमेचा तपशील किमान सहा महिने आधी द्यावा लागतो. त्या देशाला, शक्य असेल तिथे, आपला प्रतिनिधी जहाजावर पाठवण्याचा हक्क असतो आणि मोहिमेच्या खर्चाचा वाटा त्याच्याकडून मागता येत नाही. संमतीचा अर्ज मोहीम चालवणारी संस्था सरकारी मार्गानं करते, तो तुमचा व्याप नाही. पण जहाज आपल्या देशाच्या पाण्यात येतंय असं कळलं तर योग्य खात्याकडे चौकशी जरूर करावी.

तब्येत आणि प्रशिक्षण

विशेष कर्मचारी धडधाकट असावेत, जहाजाची रचना त्यांना बऱ्यापैकी माहीत असावी आणि सुरक्षिततेचं थोडं प्रशिक्षण झालेलं असावं, असं तीच संहिता धरून चालते. त्यातून दोन कागद येतात.

पहिला वैद्यकीय दाखला. तो आपल्या नेहमीच्या डॉक्टरच्या लेटरहेडवर चालेलच असं नाही. जहाज चालवणारी संस्था कोणता नमुना आणि कोणते डॉक्टर मानते, हे तपासणीआधी लेखी विचारा. काही ठिकाणी खलाशांचाच दाखला मागतात. ब्रिटनचा ईएनजी-१ हा त्यातला एक. तो मान्यताप्राप्त डॉक्टरच देतो आणि जास्तीत जास्त दोन वर्षं चालतो. दात मात्र कुणी सांगण्याची वाट न बघता दाखवून घ्या. जहाजावर डॉक्टर असला तरी रूट कॅनल करून मिळेल या भरवशावर निघू नये.

रोजची औषधं मूळ वेष्टनात आणि चिठ्ठीसह न्या. चिठ्ठीवर औषधाचं शास्त्रीय नाव हवं, कारण ब्रँडचं नाव दुसऱ्या देशात कुणाला कळेलच असं नाही. मोहिमेच्या दिवसांपेक्षा साठा बराच जास्त ठेवा. ‘पोलारस्टर्न’ या जर्मन जहाजाची मोझाइक मोहीम आठवा. २०२० च्या वसंतात साथीमुळे विमानं बंद झाली, माणसांची अदलाबदल रखडली आणि आर्क्टिकच्या बर्फात असलेल्या तुकडीला ठरल्यापेक्षा कित्येक आठवडे जास्त राहावं लागलं.

दुसरा कागद समुद्रात जीव वाचवण्याच्या प्रशिक्षणाचा. तरण तलावात जीवरक्षक पोशाख घालून उडी मारायची, उलटलेला तराफा सरळ करायचा आणि त्यात चढायचं. काही जहाजं याचं प्रमाणपत्र मागतात, काहींना जहाजावरची कवायत पुरते. पूर्वी घेतलं असेल तर तारीख बघा, पाच वर्षांनी उजळणी लागते.

पासपोर्ट आणि व्हिसा

इथे सर्वाधिक वेळ द्यावा. पासपोर्टची मुदत मोहीम संपल्यावर निदान सहा महिने उरेल अशी असावी. काही देशांना कमी चालते, पण जहाज ऐनवेळी भलत्याच बंदराला लागू शकतं.

व्हिसा चढण्याच्या बंदराचा वेगळा आणि उतरण्याच्या बंदराचा वेगळा लागू शकतो. दोन्ही बंदरं एकाच व्हिसाक्षेत्रात असली तरी गाफील राहू नका. समजा जर्मनीतल्या ब्रेमरहाफनला चढून नॉर्वेतल्या ट्रोम्सोला उतरायचं आहे. दोन्ही शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकच व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहेत. पण जहाज बाहेरच्या समुद्रात जाताना निर्गमनाची नोंद झाली, की एकदाच प्रवेश देणारा व्हिसा तिथेच संपतो. म्हणून अर्ज करतानाच एकाहून जास्त प्रवेशांचा व्हिसा मागा आणि कारण म्हणून मोहिमेचा मार्ग जोडा. शेंगेनचा अर्ज सर्वसाधारणपणे प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. व्हिसा पर्यटनाचा, कामाचा की खलाशाचा, हे वकिलातीलाच विचारा. गेल्या वेळी सहकाऱ्यानं कुठला घेतला होता त्यावर विसंबू नका.

मग जहाजाच्या एजंटचं, म्हणजे बंदरावर जहाजाची कामं बघणाऱ्याचं पत्र. जहाज धरायला जाणाऱ्याकडे बहुतेकदा एकतर्फीच तिकीट असतं, आणि चेक-इनच्या काउंटरवर परतीचं तिकीट मागतात. पत्रात तुमचं नाव पासपोर्टवर आहे अगदी तसंच, जहाजाचं नाव, सात आकडी आयएमओ क्रमांक (जहाजाचा ओळख क्रमांक), बंदर, चढण्याची तारीख आणि परतीची जबाबदारी कुणाची हे सगळं हवं. छापील प्रत हातातल्या बॅगेत ठेवा. फोनची बॅटरी अशाच वेळी संपते.

पीतज्वराचा धोका असलेल्या देशातून येणार असाल तर लशीचा दाखला लागू शकतो. लस घेतल्यावर दहा दिवसांनी तो ग्राह्य होतो आणि आता आयुष्यभर चालतो.

सामान

उपकरणं परत आणायची असतील तर एटीए कार्नेट हा सीमाशुल्काचा कागद काढा. जे देश ते मानतात तिथे सीमाशुल्क न भरता सामान आत-बाहेर नेता येतं, मुदत एक वर्ष. यादीत प्रत्येक उपकरणाचा अनुक्रमांक द्यावा लागतो. तिथेच वापरून संपणाऱ्या वस्तू त्यात बसत नाहीत. फॉर्मॅलिन, इथेनॉल वगैरे घातक माल म्हणून जातं, त्यामुळे ते एजंटमार्फत जहाजानं पुढे पाठवणं किंवा बंदरावरच घेणं सोपं. सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातल्या बॅगेतच ठेवायच्या असतात; १०० ते १६० वॉट-अवरच्या असल्या तर विमान कंपनीची परवानगी लागते.

परतीचे नमुने हा स्वतंत्र विषय आहे. प्रवाळ असेल तर साइट्सचे (दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराचे) नियम लागू शकतात, अंटार्क्टिकाला जायचं तर आपल्या देशाचा परवाना लागतो, आणि तिथे उतरण्याआधी बूट आणि वेल्क्रोत अडकलेलं बीसुद्धा साफ करावं लागतं.

चढण्याच्या दिवशी बंदराच्या फाटकावर जहाजानं दिलेल्या यादीतलं नाव आणि ओळखपत्र जुळवतात. यादीत नाव नसेल तर आत सोडत नाहीत, म्हणून आदल्या दिवशी एजंटला फोन करून खात्री करा. जहाजावर पासपोर्ट बहुधा काढून घेऊन कॅप्टनच्या कार्यालयात ठेवतात. पहिल्या पानाची आणि व्हिसाची प्रत आपल्याजवळ राहू द्या.