नेस्मिथचा नियम

डोंगरवाटेच्या चालीला किती वेळ लागेल याचा नकाशावरून अंदाज बांधण्याचा ठोकताळा. मूळ रूप असे : नकाशावरील दर 3 मैलांना 1 तास आणि चढाच्या दर 2,000 फुटांना आणखी 1 तास. मेट्रिक मापांत तो 5 किमी. व 600 मी. असा सांगतात, काटेकोर रूपांतर 4.83 किमी. व 610 मी. येते. स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ (1856–1935) यांनी तो 1892 मध्ये मांडला. स्कॉटिश माउंटनिअरिंग क्लब (स्थापना 1889) ज्यांच्या पुढाकाराने निघाला, त्यांत ते प्रमुख होते.

नियमाचा उगम एका टिपणात आहे. स्कॉटलंडमधील क्रियनलारिख गावाजवळची क्रुअख आर्ड्रन, स्टोब बिन्यन आणि बेन मोर ही तीन शिखरे एका दिवसात केल्याची हकिकत नेस्मिथ यांनी क्लबच्या नियतकालिकात दिली. अंतर 10 मैल, एकूण चढ 6,300 फूट, वेळ साडेसहा तास. सूत्राने 3 तास 20 मिनिटे अधिक 3 तास 9 मिनिटे, म्हणजे 6 तास 29 मिनिटे येतात. हिशेब एका मिनिटाने चुकतो, तेव्हा सूत्र त्याच दिवसाच्या आकड्यांवरून बेतले की काय, अशी शंका येते. मात्र आपला वेळ एका साध्या सूत्राशी ‘जुळतो’, अशी टिपणाची भाषा आहे. त्यावरून सूत्र आधीच्या अनुभवातून हाताशी असावे, हा पक्ष अधिक संभवनीय वाटतो. दुसरा मुद्दा विश्रांतीचा. टिपणातल्या साडेसहा तासांत छोटे थांबे धरलेले आहेत. नंतरच्या हस्तपुस्तिका मात्र सूत्राचा वेळ निव्वळ चालीचा मानून थांबे वेगळे मिळवायला सांगतात. आज रूढ असलेला नियम त्या अर्थाने मूळ नियमापेक्षा सैल आहे. शिवाय नेस्मिथ यांनी तो बऱ्यापैकी तब्येतीच्या पुरुषांच्या सोप्या सफरींसाठी सांगितला होता, ही अट उद्धृत करताना बहुधा गळते.

नियमाचा गाभा वेळेपेक्षा गुणोत्तरात आहे. 3 मैल म्हणजे 15,840 फूट. त्याला 2,000 ने भागले की 7.92 येते. म्हणजे एक फूट चढ हा सपाटीवरच्या सुमारे आठ फुटांच्या चालीइतका. संख्याशास्त्रज्ञ फिलिप स्कार्फ यांनी पुढे नियमाची मांडणी या समतुल्य अंतराच्या रूपात केली.

उताराबद्दल मूळ सूत्र काहीच सांगत नाही. ती उणीव गिर्यारोहक एरिक लँगम्युअर यांनी भरून काढली : 5 ते 12 अंशांच्या उतारावर दर 300 मी.ला 10 मिनिटे वजा, त्याहून तीव्र उतारावर तितकीच अधिक. स्कॉटिश गिर्यारोहक फिलिप ट्रँटर यांच्या दुरुस्त्या चालणाऱ्याच्या दमसासावर आधारलेल्या आहेत. अर्ध्या मैलात 1,000 फूट चढायला लागणारी मिनिटे हा त्याचा निकष. (ग्लेन नेव्हिस या दरीभोवतीच्या शिखरांची ‘ट्रँटर फेरी’, 1964, ही यांचीच.) भूगोलतज्ज्ञ वाल्डो टोब्लर यांच्या 1993 च्या घातांकी सूत्रात सर्वाधिक वेग, ताशी 6 किमी., किंचित उतारावर मिळतो आणि सपाटीवर तो 5 किमी.च्या जरा वर राहतो. शंभर वर्षांनंतरच्या या आकड्याशी नेस्मिथ यांचे 3 मैल बरेच मिळतेजुळते आहेत.

छोट्या टेकडीवर नियम कसा चालतो, याचे उदाहरण म्हणून स्टर्लिंगजवळच्या ओखिल डोंगरांतील डमायट (418 मी.) घेता येईल. (नावाचा संबंध ‘मायआते’ या जमातीच्या गढीशी जोडतात. रोमन इतिहासकार कॅसियस डिओ त्यांना बेटाचे दोन भाग करणाऱ्या भिंतीजवळ राहणारे म्हणतो. ही रोमन भिंत अँटोनाइनची (उत्तरेकडची) की हेड्रियनची (दक्षिणेकडची), यावर मतभेद आहेत. डमायटचे स्थान पाहता अँटोनाइनची मानणे सोयीचे ठरते.) शेरिफम्युअर रस्त्यावरून जाणारी नेहमीची वाट एका बाजूने साधारण अडीच किमी. आणि चढ 200 मी.च्या आसपास. नकाशावर वाटेच्या वळणांवरून दोरा ठेवून अंतर घ्यावे, समोच्च रेषा मोजून चढ घ्यावा : 30 मिनिटे अधिक 20, म्हणजे 50 मिनिटे. सपाटीचा वेग ताशी 4 किमी. धरल्यास तासाला जेमतेम कमी. परतीला लँगम्युअर यांची वजावट लावू गेल्यास अडचण येते, कारण सरासरी उतार 5 अंशांहूनही कमी भरतो. लहान डोंगरावर दुरुस्ती लागू होते ती वाटेच्या तुकड्यांना, सगळ्या वाटेला नव्हे. पायथ्याच्या ब्लेअरलोगी गावातून थेट चढल्यास गणित पालटते. चढ जवळजवळ 400 मी., म्हणजे नुसत्या चढाचीच 40 मिनिटे. आणि त्याच तीव्र वाटेने उतरताना सुमारे 13 मिनिटे वाढतात.

चिखल, हेदरची झुडपे, धुके आणि बर्फ सूत्रात नाहीत. माथ्यावरचा वाराही नाही. दीड तासाच्या फेरीत अर्ध्या तासाची चूक उन्हाळ्यात खपून जाते, कारण जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो. डिसेंबरात या भागात सूर्य दुपारी पावणेचारच्या सुमारासच मावळतो; त्यामुळे तिथे आधी मावळतीची वेळ धरून, तिच्यातून सूत्राचा वेळ आणि वर तासाभराची सूट वजा करून निघण्याची वेळ ठरवतात.