दोन रकान्यांची वही

आत्याची केमो सुरू झाली तेव्हा घरात दोन वह्या निघाल्या. पहिलीत नातेवाइकांचे सल्ले होते: गव्हांकुराचा रस, गुळवेलीचा काढा, पपईच्या पानांचा रस, रोज शहाळं. दुसरी नर्सबाईंनी दिलेली. तिच्यात दोनच रकाने: पाणी किती प्यायल्या, लघवी किती झाली. पहिली वही आठवड्यात भरली. दुसरीकडे घरात कुणी फारसं गंभीरपणे पाहत नव्हतं, मीसुद्धा.

आत्याला सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध चालू होतं. 1965 साली अमेरिकेत मिशिगनला बार्नेट रोझेनबर्ग विजेचा जिवाणूंवर काय परिणाम होतो ते तपासत होते. जिवाणूंचं विभाजन थांबलं, पण ते विजेमुळे नव्हे, तर प्लॅटिनमच्या पट्ट्यांपासून द्रावणात उतरलेल्या संयुगामुळे. त्यातून आलेल्या या औषधाला 1978 मध्ये तिथे मान्यता मिळाली. मधल्या काळात मात्र ते बाद व्हायची वेळ आली होती, कारण रुग्णांच्या किडन्या जात होत्या. किडनीतल्या बारीक नलिकांच्या पेशी हे औषध रक्तातून ओढून घेतात, आणि तिथे ते रक्ताच्या जवळपास पाचपट साठतं.

औषध वाचलं ते मिठाच्या पाण्यामुळे. प्लॅटिनमच्या अणूला दोन क्लोराइड चिकटलेले असतात. रक्तात क्लोराइड भरपूर, म्हणून तिथे ते जागचे हलत नाहीत. पेशीच्या आत क्लोराइड कमी. तिथे ते सुटतात, त्यांच्या जागी पाणी येतं आणि प्लॅटिनम डीएनएला जाऊन चिकटतं. म्हणून हे औषध सलाईनमधून देतात, आणि आधी-नंतर इतकं सलाईन चढवतात की लघवी भराभर व्हावी आणि औषध नलिकांत रेंगाळू नये. त्याबरोबर मॅग्नेशियमही देतात, कारण बिघडलेल्या नलिका ते धरून ठेवू शकत नाहीत. तीळ, बाजरी, शेंगदाणे यांत मॅग्नेशियम चांगलं असतं, पण गळती मोठी असली की ताटातून ती भरून निघत नाही. आणि शहाळं? किडनी मंदावली असेल तर त्यातलं पोटॅशियम अंगात साचतं. भेटायला येणारा प्रत्येक जण दोन शहाळी आणतो, तेव्हा हे कुणी बोलत नाही.

पहिल्या वहीतल्या गुळवेलीबद्दलही सांगायला हवं. 2021 मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या 6 रुग्णांच्या यकृताला झालेल्या इजेची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाचं म्हणणं, वेल ओळखण्यातच गल्लत झाली असेल. वाद मिटेल तेव्हा मिटो. ज्या यकृताला केमोची औषधं निस्तरायची आहेत, त्याच्यावर त्या काळात हा प्रयोग नको, असं माझं मत.

पण खरी अडचण वेगळीच आहे. निरोगी पेशीला वाचवणारी वस्तू कॅन्सरच्या पेशीलाही वाचवणार नाही कशावरून? या प्रश्नाची गोष्ट मुंबईतूनच सुरू होते. 1928 साली लूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर इथे आली. कापड गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांचा पंडुरोग तिने अभ्यासला आणि यीस्टच्या अर्काने तो बरा होतो हे दाखवलं. त्या अर्कातला गुण म्हणजे फोलेट हे जीवनसत्त्व. पुढे बॉस्टनमध्ये सिडनी फार्बर यांना दिसलं, की ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर, झालेल्या मुलांना फोलेट दिलं तर आजार उलट भडकतो. मग त्यांनी फोलेटची वाट अडवणारं औषध वापरलं. ते तयार झालं होतं आंध्रातून गेलेल्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या गटाकडे. 1948 मध्ये काही मुलांचा आजार तात्पुरता का होईना, ओसरला. त्याच घराण्यातलं मेथोट्रेक्सेट आज मोठ्या मात्रेत देतात, आणि साधारण दिवसभराने फोलेटचंच एक रूप देऊन निरोगी पेशींना बाहेर काढतात. जीवनसत्त्व तेच, आधी दिलं तर घात, वेळेवर दिलं तर सुटका. म्हणून केमोच्या काळात मनाने जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेऊ नयेत.

उपवासाचा विचारही इथूनच सुचतो. 2008 मध्ये वाल्टर लाँगो यांच्या गटाने उंदरांना 48 ते 60 तास उपाशी ठेवून मग केमोचं जबर औषध दिलं. उपाशी उंदरांनी ते कितीतरी चांगलं सोसलं. कारण समजायला सोपं आहे. दुष्काळात शहाणा शेतकरी पेरणी थांबवतो, विहिरीतला गाळ काढतो. निरोगी पेशीही उपासमारीत वाढ थांबवून डागडुजीला लागते. कॅन्सरची पेशी पेरतच राहते आणि उघडी पडते. पण उंदराचे दोन दिवस आणि माणसाचे दोन दिवस सारखे नव्हेत. नेदरलँड्समध्ये स्तनाचा कॅन्सर झालेल्या 131 स्त्रियांवर उपवासासारख्या आहाराची चाचणी झाली, तिचे निष्कर्ष 2020 मध्ये आले. गंभीर दुष्परिणाम दोन्ही गटांत जवळपास सारखे होते. मात्र दुष्परिणाम कमी करायला नेहमी देतात ते स्टेरॉइड उपवासाच्या गटाला दिलेलं नव्हतं, त्यामुळे आशा अगदीच मावळलेली नाही. बहुतेकींना तो आहार शेवटपर्यंत झेपला नाही, हेही खरं.

आणि आत्याला उपवासाची गरजच नव्हती, ती आपोआपच उपाशी राहत होती. पथ्य म्हणून मऊ भात आणि वरणाचं पाणी. केमोची मात्रा बहुधा उंची आणि वजनावरून काढतात. पण साठ किलोच्या दोन माणसांत एकाचे स्नायू झिजलेले असतील, तर तीच मात्रा त्याला जास्त बाधते. आहारतज्ज्ञ बाईंनी हे सांगितलं आणि पहिली वही मिटली. दही, अंडं, पनीर, मुगाची धिरडी सुरू झाली.

चौथ्या केमोला दुसऱ्या वहीत तिसरा रकाना आला: वजन. आत्याने स्वतःच्या हाताने लिहिलं, अर्धा किलो जास्त. खाली बारीक अक्षरात: दोन धिरडी, चटणी नको होती.