पाठ केलेलं इंग्रजी आणि तोंडी आलेलं इंग्रजी

चिनी विद्यार्थी इंग्रजीत बोलू लागले की दोन तुकडे वारंवार कानावर पडतात. मत सांगताना ‘आय थिंक’, आणि शब्द अडला की ‘हाउ टू से’. पहिला अस्सल इंग्रजी, फक्त गरजेपेक्षा जास्त वेळा येणारा. दुसरा इंग्रज माणूस त्या जागी वापरत नाही. चिनीतलं ‘त्सन्मा श्वो’, म्हणजे ‘कसं म्हणायचं’, तिथे उतरलेलं असतं. पण दोन्ही सारख्याच सहजपणे, मध्ये न थांबता बाहेर पडतात.

या सहजपणामागे पाठांतराची जुनी सवय आहे. चिनीत पाठ म्हणून दाखवण्याला ‘बेइ शू’ म्हणतात. ‘बेइ’ म्हणजे पाठ, शरीराची पाठ. जुन्या शाळेत मुलगा गुरुजींकडे पाठ करून उभा राहायचा आणि धडा म्हणायचा. (मराठीतही हे दोन्ही ‘पाठ’ शेजारी यावेत, हा योगायोग मला फार आवडतो.) एकोणिसाव्या शतकात ग्वांगझू बंदरातले व्यापारीसुद्धा इंग्रजी शब्दांचे उच्चार चिनी अक्षरांत लिहिलेल्या पुस्तिकांवरून शिकत.

आजचं चित्र घडलं ते मात्र १९७७ नंतर. सांस्कृतिक क्रांतीत बंद पडलेली विद्यापीठ प्रवेशपरीक्षा त्या वर्षी परत सुरू झाली आणि १९८३ पासून तिच्यात परकीय भाषेचे गुण पूर्ण धरले जाऊ लागले. पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी इंग्रजीची देशव्यापी लेखी परीक्षा १९८७ मध्ये आली. तिची तोंडी परीक्षा यायला १९९९ उजाडलं, आणि तीही सुरुवातीला लेखीत चांगले गुण मिळवणाऱ्यांपुरतीच होती. मधली बारा वर्षं मुलांनी पाठ केलं ते निबंधाचं इंग्रजी: ‘विथ द डेव्हलपमेंट ऑफ सोसायटी’, ‘ॲज वी ऑल नो’, ‘एव्हरी कॉइन हॅज टू साइड्स’. बोलण्याची वेळ आली तेव्हा तोंडात तेच आलं. ‘यू नो’, ‘आय मीन’, ‘काइंड ऑफ’ हे गप्पांमधले बारके तुकडे त्यांच्या बोलण्यात कमी सापडतात, कारण ते कुणी पाठ करायला दिलेच नव्हते.

खरा गुंता आहे तो ‘ठरलेला तुकडा’ म्हणायचं कशाला, हा. चिनी अभ्यासक ‘यूख्वाय’ म्हणतात, म्हणजे भाषेचा ढेकळासारखा गोळा. इंग्रजीत यासाठी डझनावारी शब्द आहेत आणि प्रत्येकाची मोजपट्टी निराळी. एक गट संगणकावर मोजतो: चार शब्दांची एखादी ओळ दहा लाख शब्दांत दहा वेळा आली की ती तुकडा. दुसरा गट विचारतो की बोलणाऱ्याच्या डोक्यात ती अखंड साठवलेली आहे का. २००२ मधल्या एका गाजलेल्या व्याख्येत ‘अखंड साठवलेली आहे किंवा तशी वाटते’ अशी सूट आहे, आणि ‘वाटते’ या एका शब्दाने वाद वाढवला. कुणाला वाटते? ऐकणाऱ्याला की बोलणाऱ्याला? पहिल्या मापाने, इंग्रजांच्या बोलण्यावरून यादी केली तर ‘हाउ टू से’ चूक ठरून बाद होतं. दुसऱ्या मापाने तो चिनी विद्यार्थ्याचा सर्वांत पक्का तुकडा आहे. उलट ‘ऑन द अदर’ म्हणून तो थांबला आणि मग ‘हँड’ म्हणाला, तर यादीत बसणारा तुकडा त्याच्या तोंडात अजून जुळलेला नाही. माझ्या मते शिकणाऱ्याचं बोलणं तपासताना हा थांबा ऐकणं यादीपेक्षा मोलाचं आहे.

‘उत्स्फूर्त’ हा शब्दही तसाच सैल. चिनी विद्यार्थ्यांच्या बोलण्याचा सुमारे दहा लाख शब्दांचा जो संग्रह २००५ मध्ये प्रसिद्ध झाला आणि ज्यावर पुढे कितीतरी प्रबंध उभे राहिले, तो इंग्रजी हाच मुख्य विषय असलेल्यांच्या वेगळ्या तोंडी परीक्षेच्या ध्वनिफितींमधून घेतलेला आहे: ऐकलेली गोष्ट पुन्हा सांगणं, दिलेल्या विषयावर बोलणं, जोडीदाराशी संवाद. परीक्षेच्या खोलीतलं बोलणं आणि खाणावळीतलं बोलणं एक नव्हे.

पाठांतराला परीक्षक बिचकतात, तयार उत्तर ओळखलं की गुण कापतात. वास्तविक २००० च्या एका मोजणीत इंग्रजी मातृभाषा असणाऱ्यांचंही निम्म्याहून जास्त बोलणं तयार तुकड्यांचंच निघालं होतं. २००७ मध्ये वक्तृत्व आणि वादविवादाच्या स्पर्धा जिंकलेल्या तीन चिनी विद्यार्थ्यांच्या मुलाखती प्रसिद्ध झाल्या. शाळेने त्यांच्याकडून धडे सक्तीने पाठ करून घेतले होते. पुढे त्यांनी स्वतःहून चित्रपटांतले संवाद पाठ केले. त्यामुळेच कोणता शब्द कोणत्या शब्दाबरोबर येतो याकडे लक्ष जाऊ लागलं आणि ते तुकडे बोलताना वापरता आले, असं त्यांनी सांगितलं.