अलिंद विकंपन

हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांचे, म्हणजे अलिंदांचे, आकुंचन एकसंध न होता त्यांतील स्नायुतंतू मिनिटाला साधारण ३५० ते ६०० या वेगाने विस्कळीतपणे थरथरत राहतात, त्या लयविकारास अलिंद विकंपन म्हणतात. डॉक्टरांमध्ये तो एट्रियल फिब्रिलेशन किंवा नुसत्या ‘एएफ’ या नावाने ओळखला जातो. यातील थोडेच विद्युत् संवेग खालच्या कप्प्यांपर्यंत, म्हणजे निलयांपर्यंत, पोहोचतात आणि तेही अनियमित अंतराने; त्यामुळे नाडी पूर्णपणे बेताल लागते व ईसीजीमध्ये अलिंदांच्या आकुंचनाची खूण असलेला ‘पी’ तरंग दिसत नाही.

या विकाराचे पहिले वर्णन कोणाचे, याविषयी मतभेद आहेत. हृदयाचे इतर भाग थांबल्यावरही मरणोन्मुख प्राण्याचा उजवा अलिंद थरथरत राहतो, असे विल्यम हार्वी यांनी १६२८ मध्ये नोंदवले आणि अनेक ग्रंथ तेथूनच इतिहास सुरू करतात. तथापि, मरणकाळची थरथर आणि जिवंत माणसाला वर्षानुवर्षे जडलेला लयविकार एकच मानणे धाडसाचे ठरेल. बेताल नाडी व द्विदल झडपेचा (डावा अलिंद व डावा निलय यांमधील झडपेचा) रोग यांची सांगड घालणारी अठराव्या शतकातील फ्रेंच वैद्य सेनाक यांची निरीक्षणे या रोगाच्या अधिक जवळची आहेत. निश्चित ओळख पटली ती हृदयाच्या विद्युत् आलेखानंतर (ईसीजी) : डच शरीरक्रियाशास्त्रज्ञ विलेम आइंटहोव्हेन यांनी १९०६ मध्ये असा आलेख प्रसिद्ध केला आणि १९०९ च्या सुमारास लंडनमध्ये टॉमस लुइस यांनी, तर व्हिएन्नामध्ये रोथबर्गर व विंटरबर्ग यांनी त्याचा संबंध अलिंदाच्या विकंपनाशी जोडला.

विकंपन कशामुळे टिकून राहते, हा वाद याहून लांबला. लुइस यांनी अलिंदात वर्तुळाकार फिरणाऱ्या एका मुख्य तरंगाची कल्पना मांडली. पुढे गॉर्डन मो यांनी एकाच वेळी भटकणाऱ्या अनेक लहरींचे प्रतिपादन केले. १९९८ मध्ये बोर्दो येथील हैसागेर व सहकाऱ्यांनी झटक्याने येणाऱ्या विकंपनाचे बहुतेक उगमबिंदू फुप्फुसशिरांच्या मुखाशी असल्याचे दाखवले आणि कॅथेटरने (रक्तवाहिनीतून सरकवलेल्या बारीक नळीने) त्या जागा निष्क्रिय करण्याच्या उपचाराला पाया मिळाला. ठिणगी शिरांकडून पडते, पण ती पेट घेते ताणलेल्या व तंतुमय झालेल्या अलिंदात, हे मत उपलब्ध पुराव्याशी सर्वांत सुसंगत आहे.

हा ताण बहुधा उच्च रक्तदाबातून येतो. डावा निलय जाड व ताठर झाला, की त्यात रक्त ढकलण्यासाठी अलिंदाला अधिक दाब सोसावा लागतो व तो फुगतो. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम पाहणीच्या १९९४ मधील विश्लेषणात रक्तदाबामुळे विकंपनाचा धोका पुरुषांत सुमारे १.५ पट व स्त्रियांत १.४ पट, तर हृद्‌विफलतेमुळे (हार्ट फेल्युअर) अनुक्रमे ४.५ व ५.९ पट आढळला. तरीही रक्तदाबाचे महत्त्व कमी ठरत नाही, कारण तो कितीतरी अधिक लोकांना असतो. हृद्‌विफलतेशी असलेला संबंध दुहेरी आहे. विकंपनात अलिंदाचा शेवटचा जोर नाहीसा होतो, त्यामुळे ताठर निलय पुरेसा भरत नाही; शिवाय दीर्घकाळ वेगाने धडधडणारे हृदय स्वतःच दुबळे होते, मात्र वेग आवरल्यास ते पुष्कळदा सावरते.

भारतातील चित्रात संधिवाती (रूमॅटिक) हृदयरोगातून होणाऱ्या झडपरोगाची भर आहे. ४६ देशांतील एका नोंदणीत (२०१४) भारतीय रुग्णांपैकी ३१.५ टक्क्यांना, तर उत्तर अमेरिकेतील केवळ २.२ टक्क्यांना असा झडपरोग होता. द्विदल झडप बरीच अरुंद झालेल्यांना थरथरणाऱ्या अलिंदात साचलेल्या रक्ताची गुठळी रोखण्यासाठी आजही वॉरफरिन हे जुने गुठळीरोधक औषधच द्यावे लागते, कारण नव्या गोळ्या त्यांना पुरेशा ठरलेल्या नाहीत. सोलापुरात १९६३ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. परंतु त्याच जिल्ह्यातील करमाळा किंवा सांगोल्याच्या रुग्णाला वॉरफरिन घेताना करावी लागणारी वारंवार रक्ततपासणी म्हणजे दिवसभराची मजुरी बुडणे, आणि उपचार सुटण्यामागे हे कारण गंभीरपणे घ्यावयास हवे. पालेभाज्यांमुळे वॉरफरिनचा परिणाम बदलतो, पण म्हणून मेथी, अंबाडी, शेपू वर्ज्य करण्याचे कारण नाही. त्यांचे प्रमाण आठवडाभर सारखे ठेवावे. उन्हाळ्यात सोलापुरातील पारा ४० अंशांपलीकडे जातो, तेव्हा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांच्या शरीरातील पाणी व पोटॅशियम घटून लय अधिक बिघडू शकते. विकंपनाच्या रुग्णाची नाडी बेताल असल्याने त्याचा रक्तदाब यंत्रावर एकदाच मोजणे फसवे असते; किमान तीन वाचने घ्यावीत आणि त्याआधी मनगटावरची नाडी बोटांनी तपासावी.