ॲल्युमिनियम वेल्डिंगची तार: दोन आकड्यांमागचा इतिहास

विदर्भात तालुक्याच्या गावी आता आर्गॉन वेल्डिंगची दुकानं आहेत. मोटरसायकलचं फुटलेलं इंजिन केसिंग, संत्र्याच्या बागेतली तुटकी शिडी, सगळं तिथंच येतं. जोडात वितळवून घालायची तार मात्र पुष्कळदा एकच असते आणि तीच सगळ्याला लावतात. हे का चुकतं, ते कळायला थोडं मागं जावं लागतं.

1886 मध्ये हॉल आणि एरू यांनी विजेनं ॲल्युमिनियम वेगळं करायची रीत काढली आणि ते स्वस्त झालं. जोडणं अवघडच राहिलं. धातू 660 अंशांना वितळतो. वरची ऑक्साइडची साय 2000 अंशांपर्यंत दाद देत नाही. गॅस वेल्डिंगमध्ये ती फ्लक्सच्या पावडरीनं काढत, आणि पावडर धुवायची राहिली की जोड गंजून खाल्ला जाई. 1942 मध्ये नॉर्थ्रॉप विमान कंपनीच्या रसेल मेरेडिथना टिगचं, म्हणजे आज ज्याला आर्गॉन वेल्डिंग म्हणतात त्याचं, पेटंट मिळालं. पुढं एसी करंटनंच साय फुटू लागली, फ्लक्स सुटला.

भेगा मात्र सुटल्या नाहीत. 6061 क्रमांकासारख्या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूत मॅग्नेशियम आणि सिलिकॉन थोडं थोडं असतं, आणि नेमकं तेवढ्या प्रमाणातच जोड थिजताना फाटतो. टॉर्च उचलला की शेवटच्या खळग्यात तीन फाट्यांची बारीक भेग दिसते. म्हणून तारेतूनच जास्तीचा घटक घालतात: 4043 क्रमांकाच्या तारेत सुमारे 5 टक्के सिलिकॉन, 5356 मध्ये तितकंच मॅग्नेशियम. चार आकड्यांची ही पद्धत 1954 मध्ये अमेरिकेत ठरली.

इंजिन केसिंग ओतीव असतं, त्यात सिलिकॉन आधीच भरपूर. तिथं 4043 च हवी. 5356 नं जोड ठिसूळ होतो. शिवाय सतत 65 अंशांच्या वर तापणाऱ्या भागाला 5356 लावूच नये, ताण आणि गंज मिळून ती तडकते. शिडीच्या पाइपला दोन्ही चालतात; ताकद हवी तर 5356.

सगळ्यात खटकते ती विजेच्या तारेचा तुकडा वितळवायची जुनी सवय. ती तार जवळजवळ शुद्ध ॲल्युमिनियम, भेग अडवायला तिच्यात काहीच नाही. पेरणीच्या तोंडावर केलेली दुरुस्ती अशानं वाया जाते आणि भुर्दंड शेतकऱ्याला. नागपूरच्या वाडीत 1989 पासून जवाहरलाल नेहरू ॲल्युमिनियम संशोधन केंद्र आहे. एवढी साधी माहिती तिथून गावच्या कारागिरापर्यंत पोचलीच पाहिजे.

तोवर एवढं तरी करावं: दोन्ही तारा दिसायला सारख्या, म्हणून आकडा नसलेली सुटी तार विकत घेऊ नये.