बाळंतिणीची खोली ते लेबर रूम

नाशिकच्या जुन्या वाड्यांत बाळंतपणाची तयारी म्हणजे खोलीची तयारी. आडबाजूची खोली सारवून ठेवायची, बाज टाकायची, शेगडी आणायची, मऊ झालेल्या लुगड्यांची बाळोती फाडायची आणि सुईणीला वेळेवर निरोप धाडायचा. यातलं बरंचसं शहाणपणाचं होतं. घात व्हायचा तो दोन ठिकाणी: नाळ कापताना आणि वार (प्लॅसेंटा) पडताना.

नाळ विळ्याने नाहीतर हाताशी आलेल्या ब्लेडने कापली जाई, टोकाला राख किंवा शेण लावलं जाई. शेणामातीत धनुर्वाताचे जंतू असतात. चांगलं दूध पिणारं बाळ आठवडाभरात दूध ओढेनासं व्हायचं, अंग ताठायचं. गरोदरपणातली धनुर्वाताची लस आणि सुईणींना शिकवलेल्या ‘पाच स्वच्छता’ (हात, जागा, ब्लेड, नाळ बांधायचा दोरा, नाळेचं टोक) यांनी हे बदललं. 2015 मध्ये माता आणि नवजात बाळांच्या धनुर्वाताचं भारतातून निर्मूलन झाल्याची नोंद झाली. तरी नाळेला तेल-हळद लावण्याची सवय काही घरांत अजून आहे. काहीही लावू नका; नाळ कोरडी ठेवली की आपोआप गळते.

रक्तस्रावाला मात्र स्वच्छता पुरत नाही. दिवस भरलेल्या गर्भाशयाकडे मिनिटाला अर्धा लिटरहून जास्त रक्त वाहतं. वार सुटल्यावर गर्भाशय आवळलं नाही, तर धडधाकट बाईही दोन तासांत दगावू शकते. म्हणून बाळ जन्मताच मिनिटाभरात आईला ऑक्सिटोसिनचं 10 युनिटचं इंजेक्शन देतात. हे औषध 2 ते 8 अंशांत ठेवावं लागतं. फ्रीज, रक्त आणि सिझरची सोय घरी होऊ शकत नाही. बाळंतपण दवाखान्यात जाण्याचं हे सर्वांत सबळ कारण. हिमोग्लोबिन आणि रक्तगटाचे रिपोर्ट पिशवीत सगळ्यांत वर ठेवायचे, तेही यासाठीच.

2005 मध्ये जननी सुरक्षा योजना आली आणि पात्र आईला सरकारी दवाखान्यातल्या बाळंतपणासाठी ग्रामीण भागात 700, शहरात 600 रुपये मिळू लागले. खरा फरक 2011 च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाने पडला, असं आमचं मत आहे. औषधं, तपासण्या, रक्त, सिझर, जेवण, जाण्यायेण्याची गाडी, सगळं मोफत झालं. महाराष्ट्रात 2005-06 मध्ये दवाखान्यातली बाळंतपणं 65 टक्क्यांच्या आसपास होती. 2019-21 मध्ये ती जवळपास 95 टक्के झाली.

उरलेली अडचण रस्त्याची. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वरच्या पाड्यांवरून पावसाळ्यात गाडीपर्यंत पोचायलाच वेळ जातो. आदिवासी भागांसाठी ‘माहेरघर’ योजना निघाली ती म्हणूनच: तारखेच्या काही दिवस आधी आरोग्य केंद्राजवळ येऊन राहायचं. दूरच्या पाड्यावर असाल तर आशाताईंकडे आठव्या महिन्यातच चौकशी करा.

शहरात तक्रार उलटी असते: ‘कळा सुरू होत्या, तरी परत पाठवलं.’ पूर्वी गर्भाशयाचं तोंड 4 सेंटिमीटर उघडलं की प्रसूती वेगात आली असं धरत. जागतिक आरोग्य संघटनेने 2018 मध्ये ती रेषा 5 सेंटिमीटरवर नेली, कारण त्याआधीचा संथ काळ अनेकींचा लांबतो आणि लवकर भरती केलं की सलाईन लावून कळा वाढवण्याची घाई होते. पहिलटकरणीने कळा नियमित, पाच मिनिटांवर आल्या की निघावं. दुसऱ्या खेपेला इतकं थांबू नये. पाणमोट फुटली, अंगावरून रक्त गेलं, बाळाची हालचाल मंदावली किंवा डोकं दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, तर कळांची वाट न पाहता लगेच.

पहिलं बाळंतपण माहेरी करण्याच्या रीतीत एक गोष्ट हमखास राहते: माता-बाल संरक्षण कार्ड सासरीच विसरतं. सोनोग्राफी, रक्तदाब, लसींची नोंद त्यातच असते. कार्ड, आधार आणि बँक पासबुक यांवरचं नाव एकच आहे ना, हेही सातव्या महिन्यातच पाहून घ्या. माहेरचं आणि सासरचं आडनाव वेगवेगळं लागलं की पैसे अडकतात.